स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना: कोणता प्रश्न आधी विचारावा

कर्करोगामुळे स्तन काढावा लागेल असे सांगितल्यावर, त्याच भेटीत किंवा फार तर पुढच्या भेटीत, डॉक्टर 'पुनर्रचना करायची आहे का', म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी नवा स्तन तयार करून घ्यायचा आहे का, असे विचारतात. त्या क्षणी बहुतेक स्त्रियांच्या मनात रोग एकदाचा अंगातून जावा एवढेच असते, त्यामुळे उत्तर 'आता या वयात कशाला' असे तरी येते, नाहीतर 'जे काय ते एकदाच उरकून टाका' असे. माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकाच आठवड्यात देऊन झाली होती. पुढे दोन वर्षे तिच्यासोबत बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर बसताना जे समजले, ते नव्याने या वाटेवर आलेल्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे. स्वतःच्या बाबतीतला निर्णय मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी आणि प्लास्टिक सर्जनशी बोलूनच घ्यावा.

सुरुवात आकारापासून नव्हे, किरणोपचारापासून करावी

'इम्प्लांट (त्वचेखाली बसवायचा कृत्रिम स्तन) चांगले की पोटाचे मांस घेतलेले चांगले' हा प्रश्न सगळ्याच जणी पहिल्यांदा विचारतात आणि तो चुकीच्या जागी विचारलेला असतो. पहिला प्रश्न असा असावा: मला शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेत ज्याला 'लाइट देणे' म्हणतात ते उपचार, घ्यावे लागण्याची शक्यता किती आहे? गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेतील ४ वा त्याहून अधिक लसिकाग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर स्तन काढल्यानंतरही किरणोपचार साधारणपणे सांगितले जातात. १ ते ३ ग्रंथी बाधित असतील तरीही अनेकदा सांगितले जातात. आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया गाठ वाढल्यावरच रुग्णालयात पोहोचत असल्याने हा प्रश्न बहुतेकींना लागू पडतो.

किरणोपचारांमुळे छातीची त्वचा घट्ट होते, तिची लवचिकता व रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरण्याची ताकद घटते. अशा त्वचेखाली इम्प्लांट ठेवले, किंवा आधी ठेवलेल्या इम्प्लांटवर किरणोपचार झाले, तर त्याभोवती शरीराने तयार केलेले आवरण आकसून कडक होण्याचे, जंतुसंसर्गाचे आणि इम्प्लांट काढावे लागण्याचे प्रमाण वाढते. म्हणून किरणोपचार निश्चित असतील, तर अनेक शल्यचिकित्सक पुनर्रचना पुढे ढकलतात आणि किरणोपचार संपल्यावर साधारण सहा महिने ते एक वर्ष थांबून शरीराच्या दुसऱ्या भागातील ऊती वापरणे पसंत करतात. काही ठिकाणी मधला मार्ग म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत तात्पुरता फुगा ठेवतात आणि अंतिम पुनर्रचना नंतर करतात. या एका उत्तरावर पुढचे निम्मे पर्याय आपोआप गळतात, म्हणूनच ते आधी मिळवावे.

याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे स्तनाची त्वचा आणि स्तनाग्र वाचवता येईल का. रोग त्वचेपासून व स्तनाग्रापासून दूर असेल, तर आतील ग्रंथी काढून त्वचेचे आवरण तसेच ठेवता येते, आणि त्याच वेळी पुनर्रचना करायची असेल तर त्याचा मोठा फायदा होतो.

लगेच की नंतर

स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेतच पुनर्रचना केली तर एक भूल वाचते, स्वतःची त्वचा वापरता येते आणि शुद्धीवर आल्यावर छाती पूर्ण सपाट दिसत नाही. याची दुसरी बाजू अशी, की शस्त्रक्रिया मोठी होते आणि जखमेत बिघाड झाला तर पुढची केमोथेरपी लांबू शकते. ज्या स्त्रीला केमो लवकर सुरू होणे अत्यावश्यक आहे, तिने हा धोका डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा.

नंतर करायची असेल तर तिला मुदत नसते. स्तन काढून पाच, दहा किंवा त्याहून अधिक वर्षे झालेल्या स्त्रियांचीही पुनर्रचना होते. 'आत्ता केली नाही तर संधी गेली' असे कोणी म्हणत असेल, तर त्या बोलण्याला फारसे महत्त्व देऊ नये. पुनर्रचनेमुळे कर्करोग पुन्हा उद्भवतो किंवा उद्भवला तरी लक्षात येत नाही, ही भीतीही बऱ्याच घरांत असते. योग्य पद्धतीने केलेल्या पुनर्रचनेमुळे रोग परत येण्याचे प्रमाण वाढत नाही.

काहीच न करणे हाही पर्याय आहे

पुनर्रचना न करता राहणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यात त्यांचा उपचार अर्धवट राहिला असे मानण्याचे कारण नाही. मात्र 'काही नको' म्हणताना एक मागणी जरूर करावी: टाके घालताना छाती सपाट आणि नीटनेटकी ठेवावी, कडेला काखेजवळ त्वचेची लोंबती घडी राहू देऊ नये. ती घडी ब्लाउजच्या कडेला कायम घासत राहते आणि उन्हाळ्यात घामाने तिथे पुरळ उठते. पुढे पुनर्रचना करायची शक्यता असेल तर तसे आधी सांगावे, कारण त्यावर किती त्वचा ठेवायची हे अवलंबून असते.

बाहेरून लावायचा कृत्रिम स्तन खिसा असलेल्या ब्रामध्ये बसतो. सिलिकोनचा स्तन वजनाला खऱ्याच्या जवळ जातो आणि त्यामुळे दोन्ही खांद्यांवरचा भार सारखा राहतो. कापसाचा किंवा विणलेला हलका असतो, धुता येतो आणि जखम ओली असेपर्यंत तोच बरा. सिलिकोनचा स्तन जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच वापरायला घ्यावा.

इम्प्लांट: सोपी सुरुवात, लांबची देखभाल

सिलिकोनचे इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे वापरले गेले आणि आज पुनर्रचनेत तेच मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. बाहेरचे आवरण सिलिकोनचे असते व आत सिलिकोनचे जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी असते. ते छातीच्या स्नायूखाली किंवा स्नायूवर ठेवतात. त्वचा पुरेशी असेल तर पहिल्याच शस्त्रक्रियेत कायमचे इम्प्लांट बसवता येते. त्वचा कमी असेल तर आधी एक्स्पांडर नावाचा रिकामा फुगा ठेवून, जखम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या झडपेतून सुईने थोडे थोडे सलाइन भरत त्वचा ताणली जाते. हे भरणे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला होते आणि पुरेशी जागा झाल्यावर दुसऱ्या, लहान शस्त्रक्रियेत एक्स्पांडर काढून इम्प्लांट बसवले जाते.

येथे परगावच्या स्त्रीने एक हिशेब अवश्य करावा. शस्त्रक्रिया लहान आणि रुग्णालयातले दिवस कमी, म्हणून इम्प्लांटचा मार्ग सोपा वाटतो, परंतु नांदेडहून किंवा सावंतवाडीहून मुंबई-पुण्याला प्रत्येक वेळी सोबतीला कोणी घेऊन यायचे, राहायचे आणि परत जायचे, असे काही महिने चालते. सलाइन भरणे जवळच्या शहरातील प्लास्टिक सर्जनकडे होईल का, हे आधीच विचारून ठेवावे. अनेक एक्स्पांडरच्या झडपेत चुंबक असतो, त्यामुळे तो आत असेपर्यंत कोणीही एमआरआय सांगितला तर आधी एक्स्पांडरबद्दल सांगावे.

इम्प्लांट जन्मभराचे नसते. भोवतीचे आवरण आकसणे, जेलची पिशवी फाटणे, जागा सरकणे अशा कारणांनी पुढे कधीतरी ते बदलावे किंवा काढावे लागण्याची शक्यता गृहीत धरावी. जेलची पिशवी फाटली तरी बाहेरून काहीच न जाणवण्याची शक्यता असल्याने, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेनंतर ५ ते ६ वर्षांनी आणि त्यापुढे दर २ ते ३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने तपासणी सुचवली आहे. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एका विरळ प्रकारच्या लिम्फोमाचा, म्हणजे लसिकासंस्थेच्या कर्करोगाचा, संबंध आढळल्याने, जुलै २०१९ मध्ये एका कंपनीची तशी इम्प्लांट जगभरातून परत मागवण्यात आली. म्हणून आपल्याला बसवलेले इम्प्लांट गुळगुळीत आहे की खरबरीत हे विचारावे आणि कंपनी, आकारमान व क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घेऊन घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावे. बऱ्याच वर्षांनी ज्या डॉक्टरांकडे जावे लागेल त्यांना त्या कार्डाशिवाय काहीच सांगता येणार नाही.

स्वतःच्या शरीरातील ऊती वापरणे

या पद्धतीत त्वचा, चरबी आणि काही वेळा स्नायू असा तुकडा रक्तवाहिन्यांसह छातीवर आणतात. त्याला फ्लॅप म्हणतात. शस्त्रक्रिया लांबलचक असते आणि शरीरावर दुसरी जखम होते, पण तयार झालेला स्तन उबदार व मऊ असतो, वजनाबरोबर वाढतो-घटतो आणि किरणोपचार झालेल्या छातीवरही बऱ्यापैकी टिकतो.

पाठीचा फ्लॅप सर्वांत जुना आहे. इटलीतील तान्सिनी या शल्यचिकित्सकाने १९०६ साली तो वर्णिला होता. पाठीवरचा लॅटिसिमस डॉर्साय हा पसरट स्नायू त्वचेसह सोडवून, काखेतील त्याची रक्तवाहिनी न तोडता, त्वचेखालून पुढे वळवतात. वाहिनी जोडलेलीच राहत असल्याने तो खात्रीचा समजला जातो. मात्र पाठीवर फार चरबी नसते, म्हणून मध्यम किंवा मोठ्या स्तनासाठी त्याखाली इम्प्लांटही ठेवावे लागू शकते, आणि पाठीच्या जखमेत पाणी साठणे ही नेहमीची तक्रार आहे. हात वरून खाली ओढण्याच्या कामात हा स्नायू लागतो. शहरातील बैठे काम करणाऱ्या स्त्रीला त्याची उणीव सहसा जाणवत नाही, पण जिला रोज विहिरीवर पाणी शेंदावे लागते तिने हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवे, कारण ते आपणहून विचारतीलच असे नाही.

पोटाचे फ्लॅप दोन प्रकारचे आहेत. जुन्या ट्रॅम पद्धतीत बेंबीखालची त्वचा व चरबी पोटाच्या उभ्या स्नायूसह घेतात, त्यामुळे पोटाची भिंत कमकुवत होऊन फुगवटा किंवा हर्निया होण्याचा धोका राहतो. १९९० च्या दशकात रुळलेल्या डीआयईपी पद्धतीत, जिला डॉक्टर नुसते 'डीप' म्हणतात, स्नायू जागेवर ठेवून त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली छातीच्या हाडाजवळच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जोडायची वाहिनी दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि टाक्याचा दोरा केसाहूनही बारीक. सहा ते आठ तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. ही शस्त्रक्रिया सगळीकडे होत नाही. सूक्ष्मशल्यक्रियेचा नियमित सराव असलेला चमू आणि रात्रीही लक्ष ठेवणारे प्रशिक्षित कर्मचारी असतील तिथेच ती करून घ्यावी, आणि 'वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, त्यातील किती फ्लॅप वाया जातात' असे विचारताना संकोच बाळगू नये. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

पोटाचा पर्याय प्रत्येकीला मिळत नाही. सिझेरियनचा बेंबीखालचा आडवा व्रण सहसा आड येत नाही. पोटावर उभा व्रण असेल तर आखणी अवघड होते, आणि पोटाची त्वचा कमी करण्याची शस्त्रक्रिया आधी झालेली असेल तर ही जागा वापरता येत नाही. रक्तवाहिन्यांचा नकाशा पाहण्यासाठी आधी सीटी अँजिओग्राफी करतात. फार सडपातळ स्त्रीच्या पोटावर पुरेशी चरबी नसेल तर मांडीच्या आतल्या बाजूचा किंवा नितंबाचा भाग वापरता येतो, पण ते करणारे सर्जन कमी आहेत.

शस्त्रक्रियेआधीची तयारी: मिशरी, साखर आणि कागद

तंबाखूविषयी खोटे बोलू नये. सिगारेट ओढता का असे विचारले तर आपल्याकडची स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते आणि सकाळी दातांना लावायची मिशरी तिच्या मनातही येत नाही. मिशरीतील निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि फ्लॅपचे सारे आयुष्य एका बारीक वाहिनीवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत मिशरी, गुटखा, तपकीर, विडी यांपैकी काहीही चालणार नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आधी करून ती आटोक्यात आणावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हार्मोनची गोळी आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा डॉक्टरांना दाखवावेत. आपल्या मनाने काहीही बंद करू नये.

आता पैशांचे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळता येते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे 'प्लास्टिक सर्जरीला विमा मिळत नाही' हे उत्तर कर्करोगाच्या रुग्णाला सरसकट लागू होत नाही. ताईच्या वेळी मात्र रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर कोणीतरी 'कॉस्मेटिक' असा शब्द लिहिला होता आणि त्या एका शब्दापायी दावा नाकारला गेला. सर्जनचे पत्र, आधीच्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल आणि चार अर्ज यांनंतर तो मंजूर झाला. तेव्हापासून मी सर्वांना सांगते, की अंदाजपत्रकावर आणि डिस्चार्ज कार्डावर 'कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना' असे स्वच्छ लिहून घ्यावे. दुसऱ्या, निरोगी स्तनाचा आकार जुळवण्याची शस्त्रक्रिया पॉलिसीत बसते का, हे वेगळे आणि लेखी विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेत असाल, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला पुनर्रचनेचा कोणता भाग मंजूर पॅकेजमध्ये येतो आणि इम्प्लांटचा खर्च कोणावर पडतो, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

रुग्णालयात आणि घरी

सूक्ष्मशल्यक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत परिचारिका तासातासाला येऊन फ्लॅपचा रंग व ऊब पाहतात, बोटाने दाबून रक्त किती लवकर परत येते ते बघतात आणि डॉप्लर यंत्राने वाहिनीचा आवाज ऐकतात. यात झोपमोड होते, परंतु वाहिनीत गुठळी झाली तर काही तासांत परत शस्त्रक्रियागृहात नेऊन फ्लॅप वाचवता येतो, म्हणून हे गरजेचे आहे. फ्लॅप एकाएकी पांढुरका, थंड किंवा जांभळा वाटला तर सोबतच्या नातेवाइकाने परिचारिकेच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता तिला बोलवावे.

साठणारा द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, म्हणजे ड्रेन, बहुधा घरी येतानाही अंगावर असतात. ताईला दोन होत्या. आईने जुन्या सुती साडीची दोन कप्प्यांची पिशवी शिवली, तिला नाडी लावली आणि ती ताईच्या गळ्यात अडकवली. नळी खेचली जाण्याची भीती त्या पिशवीने गेली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला रोज सकाळी सातला दोन्ही बाटल्यांचे माप लिहिले जाई: ८०, ६५, ६०, ४०. रंग आधी लालभडक, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांतील माप साधारण २० ते ३० मिलिलिटरच्या खाली आले की डॉक्टर नळी काढतात. माप एकदम वाढले, पुन्हा लाल झाले किंवा दुर्गंधी आली तर फोन करावा. ताप, वाढती लाली, पोटरीला सूज किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

पोटाच्या फ्लॅपनंतर पहिला आठवडाभर वाकूनच चालावे लागते आणि गुडघ्यांखाली उशा घेऊन झोपावे लागते. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. जमिनीवर बसून जेवणेही काही आठवडे जमत नाही. सहा ते आठ आठवडे भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर किंवा कडेवर मूल, यांतले काहीही उचलू नये. समोरून उघडणारे कपडे आधीच शिवून ठेवावेत, कारण हात डोक्यावरून नेता येत नाही. सर्जनने परवानगी दिल्यावर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम रोज करावेत. भिंतीवर बोटांनी वर चढत जाण्याचा व्यायाम कंटाळवाणा असला तरी स्वतःची वेणी स्वतः घालता येण्याची वाट त्यातूनच जाते.

नंतरचे टप्पे

नवा स्तन दिसायला स्तन असला तरी त्याला पूर्वीची संवेदना बहुतेक वेळा नसते, किंवा अगदी थोडी परत येते. हे कोणी आधी स्पष्ट सांगितले नाही तर नंतर मोठा अपेक्षाभंग होतो. याचा एक व्यावहारिक धोकाही आहे: गरम पाण्याच्या पिशवीने शेकताना त्वचा भाजली तरी कळत नाही. त्या जागी शेक घेऊच नये.

अंतिम रूप येण्यास एकापेक्षा जास्त लहान शस्त्रक्रिया लागू शकतात. खोलगट राहिलेल्या जागी शरीरातील चरबी काढून भरतात. त्यातील काही भाग शरीर शोषून घेते, म्हणून ते पुन्हा करावे लागू शकते. स्तनाग्र तीन ते सहा महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, तिथल्याच त्वचेच्या घडीतून करतात आणि भोवतीचा रंग गोंदून घेतात. पुष्कळ स्त्रिया इथवर येऊन 'आता पुरे' म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही. दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी मात्र दरवर्षी चालू ठेवावी. नव्या स्तनात गाठ लागली तर ती मृत चरबीची असू शकते, पण तसे तपासणीनेच ठरवावे, अंदाजाने नव्हे.

ब्लाउजचे माप द्यायला किमान तीन महिने थांबावे. ताईने भाचीच्या लग्नासाठी पहिल्या महिन्यातच चार ब्लाउज शिवायला टाकले होते. सूज उतरल्यावर ते एका बाजूने सैल पडले आणि चारही उसवून पुन्हा शिवावे लागले. शिंपीणबाईंनी मात्र काही विचारले नाही. दोन्ही बाजूंची मापे वेगवेगळी घेतली आणि वहीत ताईच्या नावापुढे दोन आकडे लिहून ठेवले.